आच कमी कर

जुळे सोलापुरात आमच्या गॅलरीसमोरच त्याची गॅलरी. नाव अजून ठाऊक नाही. त्याच्या आईच्या गळ्यात माळ, घरात मटण चालत नसे. म्हणून दर रविवारी तो गॅलरीत शेगडी मांडायचा. बसायचा, उठायचा, सारखं पातेल्यात डोकावायचा. आई आतून नुसत्या वासावर ओरडायची, “कांदा करपायलाय की रे, आच कमी कर!”

गेल्या महिन्यात त्याची आई वारली. परवा पुन्हा त्यानं शेगडी बाहेरच मांडली. न राहवून मी म्हणालो, “आता आत शिजवा की.”

“नगं. ती वरडंल,” म्हणाला आणि हातात झाकण फिरवत दाराकडे बघत राहिला.

करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला. तो हलेना. शेवटी मीच ओरडलो, “आच कमी कर रे!”