पतीच्या नावाचा रकाना

बारामतीत एमआयडीसीच्या मागं राजेश्वरीची एक खोली होती. तिथं ती एकटीच राहायची आणि तिथूनच कंपनीचं काम करायची. सकाळी देवापुढं दिवा लावला की लॅपटॉप उघडायचा. मग दिवसभरात बोलणं झालंच तर फोनवर. महिलांच्या शिवणवर्गाचा ऑनलाइन अर्ज तिनंच पायथन या संगणकाच्या भाषेत बनवला होता, आणि अडचण आली तर म्हणून त्यावर नंबरही तिचाच होता. आज पाचला नोंदणी बंद होणार, आणि चारला फोन वाजला.

"पोरी, मी वरकुट्याची दगडाबाई. अर्ज भरायला तिसऱ्यांदा सेंटरवर आले बघ. समद्या बायांचा अर्ज जातुया, माझाच माघारी येतुया. मशिनीला माजं तोंड आवडत न्हाय का काय?"

राजेश्वरीला हसू आलं. "थांबा मावशी, बघते."

तिनं स्वतःची माहिती घालून अर्ज भरला. बिनबोभाट गेला. पुन्हा भरला, पुन्हा गेला. तिकडं सेंटरच्या पडद्यावर मात्र नुसतंच 'विनंती चुकीची आहे'. काय चुकलं, त्याचा पत्ता नाही.

"मावशी, तुम्ही काय काय भरलंत, सांगा बरं."

"काय भरनार? नाव, गाव, वय. मालक जाऊन अकरा वर्सं झाली, तवा विधवा म्हणून खूण केलीया."

राजेश्वरीची बोटं जागीच थांबली. हा अर्ज तिनं शंभरदा तपासला असेल. दरवेळी 'विवाहित' निवडून पुढं नवऱ्याचं, श्रीपादचं नाव लिहिलं होतं. श्रीपादला देवाघरी जाऊन दोन वर्षं होत आली होती.

तिनं 'विधवा' निवडलं. पतीच्या नावाचा रकाना करडा होऊन बंद झाला. अर्ज पाठवला. माघारी आला.

बंद रकान्यातून पुढं काहीच जात नाही, रिकामी जागासुद्धा नाही. आणि तिचा कोड तर ते नाव मिळाल्याशिवाय अर्ज आत घेतच नव्हता. चूक तिचीच. तिनं एक ओळ बदलली: नाव आलं तर घ्यायचं, नाही आलं तर त्याच्यावाचून पुढं जायचं. देवाचं नाव घेऊन दुरुस्ती सर्व्हरवर चढवली.

"भरा आता, मावशी."

पाच वाजायला दहा मिनिटं होती. फोनमधून नुसताच पंख्याचा आवाज येत राहिला. मग दगडाबाई ओरडली, "गेला गं बाई! नंबर आला! तुज्या मालकाला सांग, बायकू लई गुणाची हाय म्हणावं."

"सांगते," राजेश्वरी म्हणाली, आणि दगडाबाईनं तिकडून फोन ठेवेपर्यंत आपला फोन तसाच कानाशी धरून बसली.