कव्हर कुणी बसवलं

जीप विकायची असं मी ठरवलं, त्यात दुःखाचा भाग थोडा आणि मत्सराचा बराच होता. हे गेले त्याला पाच महिने झाले होते. भेटायला येणाऱ्यांना मी सांगत असे, की आता ती चालवणार कोण, नुसती उभी राहून गंजून जाईल. तेही खरंच होतं. पण ती जीप दारात असेपर्यंत मिस्त्री तिची चौकशी करायला येत राहणार होता, आणि मिस्त्रीचं येणं मला सहन होत नव्हतं.

सव्वीस वर्षं दर रविवारी हे त्याच्या गॅरेजवर गेले. सकाळी पोहे खाऊन निघत ते दुपारी दोनला परतत. बँकेतली नोकरी, स्वभाव अबोल. घरात दिवसाकाठी मोजकी वाक्यं बोलत आणि त्यातली निम्मी दाराची कडी, गॅसचा नंबर, पाण्याची वेळ यांबद्दलची असत. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, मलाही फार बोलावं लागत नाही. त्यामुळे आमचं घर शांत आहे असंच मी समजत होते. एका रविवारी नवी पेठेतून चादरी घेऊन येताना रिक्षा गॅरेजच्या रस्त्यानं आली. लांबूनच हसणं ऐकू आलं. दम लागेपर्यंत हसणारा, मध्येच खोकणारा आणि पुन्हा हसणारा माणूस. रिक्षा जवळ आली तेव्हा कळलं की ते हे होते. जीपच्या मडगार्डवर बसले होते, चष्मा काढून डोळे पुसत होते. समोर मिस्त्री उकिडवा बसून काहीतरी सांगत होता. मी रिक्षा थांबवली नाही. घरी येऊन चादरी कपाटात ठेवल्या आणि बराच वेळ कपाटाच्या दारापाशी उभी राहिले. असं हसणं मी लग्नानंतर एकदाही ऐकलं नव्हतं, आणि कुणाला तरी ते दर आठवड्याला मिळत होतं.

एखाद्या बाईचा मत्सर वाटला असता तर बहिणीला तरी सांगता आलं असतं. साठी ओलांडलेल्या, बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेल्या माणसाचा मत्सर वाटतो, हे कुणाला सांगणार?

शेवटची दोन वर्षं जीप इंजिनच्या पुढच्या बाजूनं तेल गाळू लागली होती. अंगणातल्या शहाबादी फरशीवर ताटलीएवढा डाग पडे. मी सोडा टाकून घासत असे आणि घासताना यांना ऐकवत असे, "उस्ताद उस्ताद करता, साधं तेल थांबवता येत नाही तुमच्या उस्तादाला?" हे म्हणत, "जुनी गाडी आहे, गळायचीच." मग एक पत्र्याचा ट्रे आणून खाली सरकवून ठेवत. मिस्त्रीला नावं ठेवायची ती एकच संधी मला मिळाली होती. मी ती सोडत नसे.

गिऱ्हाईक अकलूजचं मिळालं. उसाची बागायत असलेला, जुन्या गाड्यांचा शौक असलेला गृहस्थ. त्यानं एकदा येऊन जीप पाहिली, बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाला, "बाकी काय बी नको ताई. फुडनं गळतंय तेवढं बंद करून द्या. ऐतवारी येतो न् घिऊन जातो."

त्यासाठी मिस्त्रीलाच बोलवावं लागलं. तो आला, आधी जीपकडं गेला, मग माझ्याकडं आला.

"विकायलात म्हणं गाडी, भाभी?"

"हो."

तो खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसत राहिला. हात आधीच कोरडे होते. त्याला जीप हवी होती का, हे मी विचारलं नाही. हवी असणार याची मला खात्री होती, आणि त्याला ती मिळणार नाही याचं मला समाधान होतं.

"गॅरेजवर घेऊन जातो. दोन दिवसांचं काम हाय."

"इथंच करा. माझ्यासमोर."

"हितं करू की. इंजिनला काय, अंगण काय न् गॅरेज काय."

मी दोन दिवसांची रजा टाकली. पायरीवर खुर्ची घेतली आणि यांच्या कपाटातलं जीपचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन बसले. तो चुकतो कुठं ते मला पाहायचं होतं. गाडीचं काम मला येत नाही, पण पुस्तक नीट वाचता येतं.

त्यानं रेडिएटरमधलं पाणी सोडलं, पुढची जाळी काढली, रेडिएटर उचलून भिंतीला टेकवला. पंखा आणि पट्टा निघाला. मग इंजिनच्या अगदी पुढच्या टोकाचा, हँडल मारायला खाच असलेला मोठा नट. तो काढताना त्यानं पान्याला हातभर लांब पाइप लावला आणि सगळं वजन टाकलं. नट सुटल्यावर पुलरचे दोन पंजे लावून पुली हळूहळू ओढून काढली. तिच्यामागं पत्र्याचं कव्हर होतं. त्याचे बोल्ट त्यानं एकेक करून माझ्या स्टीलच्या वाटीत टाकले. कव्हर निघालं तेव्हा आत तेलात भिजलेली साखळी आणि दोन दातेरी चाकं दिसली. चाकं पाहून मला काहीच वाटलं नाही. कव्हरच्या भोकात बसवलेली रबराची गोल सील मात्र मी त्याच्या हातातून मागून घेतली. पुली या सीलमधून फिरते आणि सीलची कड तिला चिकटून राहते म्हणून तेल आत राहतं, एवढं मी वाचलं होतं. ती कड एका बाजूनं गुळगुळीत होऊन गेली होती. दुसऱ्या बाजूनं जवळजवळ नवी होती.

"ही एकाच बाजूनं झिजलीय," मी म्हणाले.

"हां."

"म्हणजे कव्हर मध्यावर नव्हतं. बोल्ट आधी आवळले आणि पुली नंतर ठोकून बसवली. बोल्ट सैल ठेवा, पुली घाला, कव्हर आपोआप मध्यावर येईल, मग आवळा, असं स्पष्ट लिहिलंय इथं."

"पुस्तकात हाय काय ते?" तो हसला. "आमाला वस्तादाच्या थपडीत मिळालं."

"मग तरीही तुमच्या हातून असं झालं?"

त्यानं सील परत घेतली, बोटावर फिरवली. "हुआ भाभी. घाई केली असंल."

मला आनंद झाला. इतका, की मी खुर्चीतून उठले आणि घराच्या दाराकडं वळले. यांना सांगायचं होतं. बघा, तुमच्या उस्तादानं बोल्ट आधी आवळले. दारापर्यंत जाऊन मग मी थांबले. असं पाच महिन्यांत बऱ्याचदा झालं होतं, पण भांडण जिंकल्याची बातमी घेऊन पहिल्यांदाच.

दुपारी तो जेवायला घरी गेला. मी पुस्तक पुन्हा उघडलं, त्याची चूक ज्या ओळीत लिहिली होती ती ओळ पुन्हा वाचायची म्हणून. सकाळी मी पान घाईनं वाचलं होतं. समासाच्या खालच्या कोपऱ्यात यांचं बारीक अक्षर होतं, पेन्सिलीचं, पुसट. 'कव्हर स्वतः बसवलं. उस्ताद विजापूरला, लेकीच्या बाळंतपणाला. आल्यावर दाखवायचं.' त्याखाली वेगळ्या दिवशीचं, जरा ठळक: 'उस्तादला दाखवलं. म्हणाला, फर्स्ट क्लास.'

मी ते दोन-तीन वेळा वाचलं. ग्रंथालयात लोक समासात काय काय लिहितात ते मी रोज पाहते आणि रबरानं खोडते. यांच्या शाळकरी 'फर्स्ट क्लास'वर बोट ठेवायलाही मला धीर झाला नाही.

तो परत आल्यावर मी सरळ विचारलं, "कव्हर यांनी बसवलं होतं. तुम्ही फर्स्ट क्लास म्हणालात?"

तो पायरीवर बसला. आधी पुस्तकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मग काय म्हणू? साहेबांनी सगळं करून, हात धुऊन, शर्ट बदलून दाखवायला आणलं. तोंडावर असं, जसं पोरगं पास होऊन आलंय. त्यात मी पाना घालू काय?"

"पण दोन वर्षं गळत होती ती."

"गळू दे की. तेलच हाय. दर ऐतवारी मी वरनं टाकायचो. खोलून बसवलं असतं तर साहेबांना कळलं असतं, कुणाच्या हातानं झालं. जुनी गाडी, गळायचीच, म्हणलं. साहेबांनी मानलं."

म्हणजे ते वाक्यही त्याचंच होतं. त्या दोन वर्षांत दर आठवड्याला यांच्या कानाशी मी जे बोलत होते ते मला शब्दन् शब्द आठवलं. यांच्या कामाला नावं ठेवत होते मी, यांच्यासमोर, न कळता. आणि हा माणूस दर रविवारी वरून तेल ओतून यांचा मान राखत होता. यांच्यासाठी असं काही करायला मला कधी सुचलं नव्हतं. सकाळपर्यंत मला त्याचा हेवा वाटत होता तो यांच्या हसण्यामुळे. आता त्याहून वाईट कारण मिळालं. तो माझ्यापेक्षा चांगला वागला होता.

पॅकिंग कापायचं राहिलं होतं. कव्हर आणि इंजिन यांच्यामध्ये पुठ्ठ्याचं पातळ पॅकिंग बसतं, नाहीतर कडेनंही तेल येतं. बाजारातलं तयार पॅकिंग या गाडीला नीट बसत नाही म्हणून तो चादरीच्या मागावरचा पुठ्ठा आणतो. नक्षीसाठी भोकं पाडून मागावर चढवतात तोच, पण भोकं न पाडलेला, कोरा. त्यानं तो माझ्यापुढं धरला.

"हे साहेबांचं काम होतं. तुमी करा."

नाही म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण पुस्तकं बांधण्यात माझी निम्मी नोकरी गेलीय, पुठ्ठा मला कळतो. त्यानं दाखवलं तसं कव्हर उलटं धरलं, त्यावर पुठ्ठा दाबला, आणि कडेकडेनं छोट्या हातोडीनं हलके ठोके दिले. कड पुठ्ठ्यावर उमटते आणि तिथंच तो तुटतो. बोल्टच्या भोकांवर बेअरिंगची गोळी ठेवून एकेक ठोका मारायचा, की स्वच्छ गोल टिकली खाली पडते. अर्ध्या तासात झालं. त्यानं ते उजेडाला धरून पाहिलं.

"साहेबांपेक्षा साफ आलंय."

मला बरं वाटलं. मेलेल्या नवऱ्यापेक्षा आपलं पॅकिंग साफ आलं म्हणून बरं वाटलं, आणि ते लक्षात आल्यावर कान गरम झाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं कव्हरची वाकडी झालेली कड लोखंडी ठोकळ्यावर ठोकून सरळ केली, नवी सील लाकडाच्या ठोकळ्यानं बसवली, पॅकिंगला सोल्यूशन लावलं. बोल्ट बोटांनीच फिरवून सैल ठेवले. पुलीला ग्रीस लावून आत सरकवली आणि मला म्हणाला, "फिरवा." मी फिरवली. कव्हर केसभर सरकलं आणि थांबलं. "बसलं बघा मध्यावर," तो म्हणाला आणि समोरासमोरचे बोल्ट आवळत गेला. संध्याकाळी इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. खाली पांढरा कागद पसरला होता. तो कोरा राहिला.

रविवारी अकलूजचे गृहस्थ आले. टॉर्च घेऊन इंजिनपुढं वाकले. समाधानानं मान हलवली आणि मग कव्हरवर प्रकाश धरून थबकले. पत्र्यावर सीलच्या भोवतीनं अर्धचंद्रासारखे खोल घाव होते. यांच्या हातोडीचे. मिस्त्रीला ते पुरते काढता आले नव्हते.

"आरं, ह्ये घाव कुणी घातलं? लोहाराकडं न्हेलती का काय? सगळी गाडी लेकरागत जपलीया न् हितंच असा हात कुणी चालवला म्हनायचा?"

"माझ्याच हातून..." मिस्त्रीनं सुरुवात केली.

तो हे किती सहज करतो ते मला दिसलं. माझ्यासमोर केलं, आता परक्यासमोर. यांची चूक उचलायची, स्वतःच्या खिशात घालायची आणि निघून जायचं. यांचं हसणं त्याच्याकडं होतं, रविवार त्याच्याकडं होते. आता ही चूकसुद्धा तोच घेऊन चालला होता.

"मी घातले," मी म्हणाले. "कव्हर मी बसवलं होतं."

दोघांनीही माझ्याकडं पाहिलं.

"तुमी?" गृहस्थ म्हणाले.

"पुस्तक वाचून."

"बगा की! पुस्तकातनं इंजिन हुतंय व्हय ताई?" त्यांनी टॉर्च विझवली आणि खो खो हसू लागले. "लई हौशी हाय की तुमी!"

"सांगितलं होतं भाभीला," मिस्त्री गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बोल्ट आधी आवळू नका म्हणून. ऐकतंय कोण?"

"न्हाय ऐकत बायामाणसं," गृहस्थ म्हणाले. मी खाली पाहत उभी राहिले. यांच्या वाटचं ऐकून घ्यायला मला काही अडचण वाटली नाही.

मग मिस्त्रीनं त्यांना गाडीच्या सगळ्या खोडी सांगितल्या. थंडीत चोक किती ओढायचा, चढाला कोणता गिअर लवकर टाकायचा, डावं दार उचलून का लावायचं. काही हातचं राखलं नाही. मला त्यातलं एकही माहीत नव्हतं. जीप फाटकातून बाहेर गेली, वळली, दिसेनाशी झाली.

"खोटं बोलता येतं की भाभी तुमाला," तो म्हणाला.

"तुमच्याइतकं सफाईनं नाही."

तो हसला आणि पाने, पक्कड, पुलर पिशवीत भरू लागला. त्यातला एक पाना यांचा होता, दांड्याला यांनी तांब्याची तार गुंडाळलेली होती. त्याच्याकडं किती दिवस होता कोण जाणे. त्यानं तो पिशवीत टाकला, तेव्हा मी हात पुढं केला.

"तो यांचा आहे."

त्यानं तो काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. ज्या घरात आता एकही गाडी नव्हती, तिथं त्याचा काही उपयोग नव्हता. त्याला होता. तरी मी तो परत घेतला.