जीपच्या पोटातलं काड

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही अधूनमधून. पण माझी जीप मला सगळी वाचता येत होती. हिंगोलीचा मिस्त्री तीन-चार महिन्यांनी तिची सर्व्हिसिंग करायचा. मधले दिवस गाडी माझी. लोक म्हणायचे, मिस्त्रीकडून आणली की झालं. मी म्हणायचो, डॉक्टरकडून आणलेल्या लेकराला मग जेवू घालायचं न्हाई का?

सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून आत बोट घालायचो. बोट कोरडं निघालं की विहिरीचं पाणी फडक्यानं गाळून ओतायचं. बोअरचं खारं पाणी मी तिला कधी पाजलं न्हाई. ऑइल दोन बोटांत चोळून बघायचो, कचकच लागली की मिस्त्रीची आठवण करायची. टायरवर पान्हा मारला की भरलेला टायर टणक बोलतो, हवा कमी असली की भदभद करतो. हे मला कोणी शिकवलं न्हाई.

सकाळच्या खेपेला हिंगोलीहून सेनगावला चार शिक्षक रोज माझ्याच जीपमध्ये असायचे. तीन सर मागं, वयानं मोठ्या बाई पुढं. हे चौघं होते म्हणून जीप वेळेवर निघायची, न्हाईतर सिटा भरायला अकरा वाजले असते. त्या वर्षी स्टँडवर एक नवी जीप आली. गादीला कव्हरं, आत गाणी. सरांच्या माना तिकडं वळायला लागल्या. बाईंनी मात्र मला तोंडावर सांगितलं, "भाऊ, गाण्यासाठी आम्ही गाडी बदलणार नाही. पण प्रार्थना चुकली तर बदलू."

"माझी गाडी रस्त्यात बसत न्हाई, बाई," मी म्हणालो. नव्या जीपवाल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो.

दसरा झाला, सोयाबीन निघालं. तेव्हा रस्त्याकडंचे शेतकरी कापलेलं सोयाबीन डांबरावरच पसरायचे, गाड्यांच्या चाकांनी शेंगा फुटायच्या. काही ड्रायव्हर कडेनं गाडी काढायचे. मी बराबर मधून घालायचो. ओळखीचं कोणी असलं तर मागंपुढं दोन-चार फेऱ्याही मारून द्यायचो. एका संध्याकाळी रिकामा परत येताना एका लांबच्या मावशीसाठी तर दहा फेऱ्या मारल्या. मावशी खूश, मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बघितलं, ऑइल बघितलं, टायर वाजवले. खाली वाकून बघितलं न्हाई. काहून? तर रोज लागत नव्हतं म्हणून.

अर्ध्या वाटेत जळका वास आला. बाई म्हणाल्या, काहीतरी जळतंय. मी म्हणालो, कोणीतरी शेताच्या धुऱ्यावरचं गवत जाळून राहिलं असेल. थोडं पुढं गेलो तर बाईंच्या पायाशी धूर. त्यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली.

"भाऊ, हा धूर आपलाच आहे."

गाडी थांबवली, सगळ्यांना उतरवलं, खाली शिरलो. सोयाबीनचं काड खालच्या फिरत्या शाफ्टला गुंडाळून डोक्यावरच्या चुंभळीएवढं झालं होतं, सायलेन्सरला टेकून धुमसत होतं. पाण्याचा सगळा कॅन ओतला, वरून माती टाकली. शेजारच्या शेतातल्या बाईनं विळा दिला, त्यानं ते कापून काढलं. तळहाताला फोड आले. तेवढ्यात नवी जीप आली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"मामा, भाकरी भाजून राहिले काय?"

चौघंही त्याच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेले. मीच म्हणालो, जा. त्या दिवशी दुपारपर्यंत मी जीपखाली होतो. काडी काडी ओढून काढली, तारेनं सांदी कोरल्या.

दुसऱ्या सकाळी स्टँडवर मी कोणाला हाक मारली न्हाई. सर आले, खाली बघत गाण्यांच्या गाडीत चढले. बाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"गाडी जळत होती त्याचा मला राग नाही. मी सांगत होते आणि तुम्ही नाही म्हणालात, त्याचा आहे. आज खाली बघितलंत?"

"बघितलं."

"माझ्यासमोर बघा."

सगळं स्टँड बघत होतं. अंगात धुतलेला पांढरा सदरा होता. त्या स्टँडवर मला असं कोणी कधी बोललं नव्हतं, मी बोलू दिलं नव्हतं. मग पोतं अंथरलं आणि आडवा झालो. शाफ्टवरून, सायलेन्सरच्या मागून हात फिरवला, बाहेर येऊन दाखवला. धूळ होती, काड न्हाई. बाई पुढच्या सीटवर बसल्या.

मी बाकीच्या सिटा भरायची वाट बघितली न्हाई. मागं दोनच माणसं घेऊन निघालो आणि प्रार्थनेच्या आधी बाईंना शाळेच्या दारात उतरवलं.

तिघं सर सोमवारी माझ्या जीपकडं परत आले. त्यांनी काही विचारलं न्हाई. तरी मी पोतं अंथरलंच.