करड्या कपड्यातली निकिता

केडगावच्या निकिता साळवेला कंपनीने दोन गोष्टी दिल्या: पाठदुखी आणि करडा टी-शर्ट. सुप्याच्या ज्या कारखान्यात ती ठेकेदारामार्फत जाते, तिथे पर्मनंट माणसाला निळा शर्ट आणि कॉन्ट्रॅक्टवाल्याला करडा. लाईन एक, मशीन एक, घामाचा वासही एकच. पण जेवणाच्या सुट्टीत निळे पंख्याखाली बसतात आणि करडे हात धुवायच्या नळांजवळ. तशी पाटी कुठेही लावलेली नाही. पाटी लावली असती तर निकिताने कधीच फाडली असती. नसलेली पाटी फाडायची कशी?

कंपनीच्या बसला मात्र रंग नव्हता. मिळेल त्या जागी बसायचं. त्या बसमध्येच तिला ‘रणगड’चा नाद लागला. मोबाईलवरचा खेळ, आपलं एक माणूस तयार करायचं, जगभरातल्या लोकांसोबत लढायचं. हनुमंत नावाच्या निळ्या शर्टवाल्या पोराने ग्रुप काढला होता. प्रवीण, बिभीषण असे त्याचेच निळे सोबती त्यात, सगळे योद्धे. निकिता झाली हीलर. म्हणजे लढाईत पडलेल्यांना उठवायचं, जखमा भरायच्या. तिथेही निस्तरायचं काम बाईच्याच वाट्याला आलं, पण ते तिने आपणहून निवडलं होतं. आणि पहिल्याच दिवशी तिने आपल्या हीलरचा झगा रंगवून घेतला. निळा. हुबेहूब कंपनीचा निळा.

“आयला, निकिताताई पर्मनंट झाल्या की!” हनुमंत मागच्या सीटवरून ओरडला.

“कंपनी करंना, म्हटलं आपणच करून घ्यावं.”

सगळी बस हसली. निकिताही हसली. हसू नका तुम्ही. रोज दीड तास का होईना, ती त्या निळ्यात असायची.

मग अपडेट आलं. सकाळी खेळ उघडला तर झगा करडा! खाली सूचना: यापुढे हीलरने करडाच पोशाख घालावा, रंग फक्त योद्ध्यांसाठी. योद्धा व्हायचं असेल तर सगळी कमाई सोडून पहिल्या पायरीपासून सुरुवात. निकिताचं डोकं फिरलं. तिने तक्रार केली. उत्तर आलं, तुमच्या भावना आम्हाला महत्त्वाच्या आहेत. दुसऱ्यांदा केली, तेच उत्तर, स्वल्पविरामासकट. ही भाषा तिच्या ओळखीची होती. पर्मनंट कधी करता म्हणून विचारलं की कंपनीचा साहेबही असाच गोड बोलायचा.

घरी तिची आजी, आक्काबाई, मोबाईलमध्ये डोकावली. “काय झालं गं?”

“झगा काढून घेतला. म्हणं हा रंग तुमचा न्हाई.”

आक्काबाईने चष्मा पुसला. “आमच्या गावात बी हुतं तसं. बाईनं लुगडं कसं नेसायचं, पायात काय घालायचं, ते दुसरीच लोकं ठरवायची. मोबाईलमधी बी गाव असतंय व्हय?”

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिने सांगून टाकलं, “हनुमंता, मी ग्रुप सोडते. एका अंगावर दोन करडे न्हाई पेलत.”

“आवो ताई, रविवारी मोठी लढाई हाय. तुमी गेल्यावर आमाला उठवायचं कुणी?”

“मरा की मग.”

पण रविवारी राहवलं नाही. तिने खेळ उघडला आणि बघतच राहिली. हनुमंत, प्रवीण, बिभीषण, सगळ्यांनी आपले लाल-सोनेरी पोशाख उतरवून करडे घातले होते. “आजपासून ग्रुपचा ड्रेस हाच,” हनुमंत हेडफोनमध्ये म्हणाला. त्या दिवशी तिने एकालाही मरू दिलं नाही. ते जिंकले.

तिथेच ती फसली. तिला ते खरं वाटलं.

सोमवारी जेवणाची सुट्टी झाल्यावर ती डबा घेऊन नळांकडे वळली नाही. सरळ पंख्याखाली गेली. हनुमंतच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिने हात लावला तसा हनुमंतने त्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली.

“ताई, सुपरवायझर बघतोय,” तो ताटात बघत म्हणाला. “हितं नको.”

“काल तर माझ्या रंगात हुतास.”

“ते गेम हुतं हो.”

प्रवीण पाणी प्यायला. बिभीषण मीठ शोधू लागला. निकिता नळांजवळ जाऊन बसली. भांडायला तोंड होतं. पण एवढ्या वर्षांत ते इतक्या जागी वापरून झालं होतं, की त्या दिवशी उघडावंसंच वाटलं नाही.

परतीच्या बसमध्ये फोन थरथरला. लढाई सुरू होती, हीलर पाहिजे होती. तिने उघडलं. सगळे पुन्हा लाल-सोनेरी. हनुमंत जमिनीवर पडलेला, डोक्यावर उठवायला उरलेल्या सेकंदांचं घड्याळ उलटं पळत होतं.

“ताई, उठवा ना!” मागच्या सीटवरून आवाज आला.

निकिता वळलीही नाही. “उद्या नळांजवळ जेवायला ये. मग उठवते.”

हनुमंत हसला. कुणीच साथ दिली नाही तसं त्याचं हसू थांबलं. बसने कामरगाव मागे टाकलं. घड्याळ संपलं, आणि हनुमंतचा योद्धा दिसेनासा झाला. निकिताने फोन पर्समध्ये टाकला, डोकं खिडकीला टेकवलं.

केडगावला ती उतरायला उठली तेव्हा मागून हळूच आवाज आला, “डब्यात काय असतं तुमच्या?”

“ये आन् बघ,” ती म्हणाली आणि उतरली.

तो येईल असं तिला वाटलं नाही. वाट बघायचं त्राणही उरलं नव्हतं.