खिडकीतून शिकलेले विषाणू

निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला कोरोनातले ते दिवस आठवतात. मला लागण झालेली, म्हणून पेडण्याच्या आमच्या घरात मागच्या खोलीत मी एकटीच बसलेली. बाहेर काजूंवर पाखरं बोलायची, बाकी माणसाचा आवाज म्हणून नाही. संध्याकाळी मात्र धाकटी लेक बंद खिडकीपलीकडे खुर्ची टाकून बसायची. ती तेव्हा विषाणूंचा अभ्यास करत होती. एकदा मी माझ्या विषाणूची जात विचारली, "माझ्या अंगातलो हो खंयचो गो?" "चौथ्या गटातलो!" ती काचेपलीकडून ओरडली. मग समजावत बसली, की विषाणूच्या आत डीएनए असतं की आरएनए, आणि त्यावरून तो आपल्या प्रती कशा काढतो, यावरून सात गट पाडलेत. फ्लूच्या आरएनएवरचा मजकूर उलटा असतो, तो आधी सुलटा करून घ्यावा लागतो, म्हणून तो पाचव्या गटात. कोरोनाचा सरळच असतो, आपली पेशी तो वाचते आणि लगेच कामाला लागते. मी म्हटलं, "म्हणजे हा आगंतुक माझ्याच चुलीवर आपलं जेवण रांधून घेतो!" "तसंच गो! आता तू सांग, फ्लू चौथ्या गटातलो काय?" उत्तर मला कळलं होतं, पण बरोबर सांगितलं असतं तर ती उठून गेली असती. म्हणून म्हटलं, "होय." "चुकलं गो आई," ती हसली आणि उठता उठता परत बसली. पुढे मोप्याच्या विमानतळावरून विमानात बसून ती परदेशी गेली, आता तिथे हेच शिकवते. फोनवर मी अजूनही मुद्दाम काहीतरी चुकीचं सांगते. ती म्हणते, "असूं दे गो आई, मागीर बोलूया," आणि बोलणं नंतरवर टाकून फोन ठेवते.