लाल दोऱ्याची काठी

टेपआजोबांना गावात कुणी खऱ्या नावानं हाक मारत नसे, आणि मारली असती तरी त्यांनी ओ दिली नसती. तरुणपणी ते लाकूडतोडे होते. एक घाव दोन तुकडे हा त्यांचा खाक्या बोलण्यातही होता. पुढं गावानं जंगल तोडायचं सोडून राखायचं ठरवलं आणि कुऱ्हाडीच्या जागी त्यांच्या हातात टेप आला.

हिशेब तसा साधा होता. झाडं हवेतला कार्बन पोटात साठवतात. दूरचे कारखाने धूर सोडतात आणि त्याच्या बदल्यात उभं जंगल राखणाऱ्या गावाला पैसे देतात. याला कार्बन क्रेडिट म्हणतात. आजोबांची बायको हे पहिल्यांदा ऐकून इतकी हसली, की हातातली सुई खाली पडली.

"नुसतं उभं राहायचे पैसे? मग तुम्ही दिवसभर दारात उभे असता, त्याचे कुणी देईल का?"

पण पैसे मिळायचे ते मोजणीवर. दरवर्षी अकराशे झाडांचा घेर घ्यायचा, तोही जमिनीपासून बरोबर एक मीटर तीसवर. खाली मोजलं तर खोड उगाच जाड भरतं. बायको शिवणकाम करायची, मापात चूक तिला खपायची नाही. तिनं एक सरळ काठी घेतली आणि त्या उंचीवर लाल दोरा घट्ट गुंडाळला. काठी झाडाशी उभी करायची, दोऱ्याच्या रेषेत टेप फिरवायचा. दोरा बरोबर आजोबांच्या छातीशी यायचा. टेपचं एक टोक ती धरायची, दुसरं ते. आजोबांनी जोर लावला की ती म्हणायची, "ओढू नका, नुसता टेकवा. झाड आहे, पोतं नाही." काय दिवस होते ते! दुपारी सावलीत बसून दोघं एकाच डब्यात जेवायची आणि कोणत्या झाडानं अंग धरलं यावर भांडायची.

ती गेली, त्याला सहा वर्षं झाली. त्या दिवसापासून काठी कपाटामागं पडून होती, कारण तो दोरा बघवत नव्हता. आजोबांना वाटलं, उंची तर छातीची, आणि छाती काही कुठं जात नाही. ते छातीशी टेप धरून एकटेच मोजत राहिले. टेपचं दुसरं टोक खोडात टोचलेल्या खिळ्याला अडकवायचे.

यंदा तपासनीस बाई आल्या. वनसमितीच्या खोलीत वह्या चाळून त्या म्हणाल्या, "आजोबा, तुमची झाडं सहा वर्षांत फारच भराभर जाड झालीयत. असं कसं?"

आजोबांच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांत त्यांच्या मापाला कुणी बोट लावलं नव्हतं. ते तडक घरी आले. काठी दाखवून बाईंचं तोंड बंद करायचं, म्हणून त्यांनी ती कपाटामागून ओढली, धूळ पुसली आणि शेजारी उभी केली.

दोरा त्यांच्या गळ्याशी आला.

त्यांनी पाठ ताठ करून पाहिली. होईना. पाठ कधी वाकली ते त्यांना कळलंच नव्हतं. सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

त्यांचा पुतण्या समितीचा अध्यक्ष होता. तो मागोमाग आला होता. त्यानं दोरा कुठं येतो ते पाहिलं. "काका, ठेवा ती काठी आत. बाई फक्त दहा झाडं तपासणार आहेत, माप जुळतील अशी मी निवडून दाखवतो. हे कळलं तर सहा वर्षांची मोजणी बाद होईल. यंदाचे पैसे अडकतील. दवाखान्याच्या नर्सबाईंचा पगार त्यातूनच जातो."

हे खोटं नव्हतं. आजोबा खाली बसले. काठी मांडीवर आडवी होती. दोऱ्याची गाठ बायकोनं मारलेली होती. कपडा शिवताना एक टाका चुकला तरी ती अख्खी शिवण उसवायची. गिऱ्हाईक दारात खोळंबलं तरी उसवायची.

"उसवावं लागेल," आजोबा उठत म्हणाले.

पुतण्यानं हात झटकले आणि तोंड फिरवलं.

जंगलाच्या तोंडाशी बाई उभ्या होत्या. आजोबांनी काठी त्यांच्यासमोर उभी केली आणि स्वतः तिच्या शेजारी उभे राहिले. "झाडं वाढायची तेवढीच वाढलीयत बाई. मीच खाली आलोय. सगळी पुन्हा मोजायला हवीत."

बाईंनी दोऱ्याकडं पाहिलं, मग त्यांच्या गळ्याकडं. "चूक तुम्हीच कळवलीत असं मी लिहीन. यंदाचे पैसे मात्र थांबतील."

"थांबू देत. नर्सबाईंशी मी बोलतो."

त्यांनी काठी पहिल्या झाडाला टेकवली आणि खिशातला खिळा चाचपला. तोवर बाईंनी टेपचं एक टोक हातात घेतलं होतं. खोडाला वळसा घालून त्यांनी ते जोरात खेचलं.

"ओढू नका," आजोबा म्हणाले, "नुसता टेकवा." पुढचं त्यांना म्हणवेना. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि दोऱ्याच्या रेषेतला आकडा वाचायला बाईंनाच सांगितलं.