मानेत उडणारं

शेलार गावची कमळ तांदूळ निवडताना, भाकरी थापताना, कधी नुसती ओट्यावर बसलेली असताना एकाएकी गप्प व्हायची. छातीत धडधड सुरू व्हायची, हातपाय गार पडायचे. नवऱ्याला, चांगदेवला, तिच्या मानेच्या शिरा बेडकाच्या गळ्यासारख्या लपलप उडताना दिसायच्या. पाठ चोळण्यापलीकडे त्याला काही सुचायचं नाही.

तो तिला रिक्षात घालून भिवंडीला न्यायचा. वाटेत कंटेनरची रांग. दवाखाना येईपर्यंत धडधड आली तशी झटक्यात थांबलेली असायची. डॉक्टर नाडी धरायचे, छाती तपासायचे, ईसीजी काढायचे. सगळं नीट.

"डॉक्टर, हिची मान उडतेय."

"आता कुठे उडतेय?"

डॉक्टर झोपेची गोळी लिहून द्यायचे.

"काम निघालं का हिला व्हतं," जाऊ म्हणायची. कमळ ऐकून घ्यायची. पुढेपुढे तिला स्वतःचाच भरवसा वाटेना.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मात्र धडधड थांबलीच नाही. दवाखान्यात त्या दिवशी रुचिरा नावाच्या नव्या डॉक्टर होत्या. त्यांनी मनगट धरलं आणि चेहराच बदलला. नाडी बारीक, एकसारखी, मोजता येऊ नये इतकी जलद. प्रेशर उतरलेलं, अंगाला घाम. त्यांनी वाकून मानेकडे पाहिलं.

"हे असंच उडतं का दर वेळी?"

"व्हय," चांगदेव म्हणाला.

ईसीजी निघाला. श्वास कोंडून जोर लावायला सांगितला, उपयोग झाला नाही. मग शिरेत इंजेक्शन दिलं. क्षणभर कमळला वाटलं, संपलं सगळं. आणि ठोका ताळ्यावर आला.

"मावशी, हा हृदयाचाच आजार आहे. मनाचे खेळ नाहीत हे."

इतका वेळ न रडलेली कमळ तेव्हा रडली.

"मंग आता बरी झाली ना?" चांगदेवनं विचारलं.

"आज थांबलं. पुन्हा होऊ शकतं. कायमचा उपाय ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात होईल."

तिथला नंबर अजून लागलेला नाही. गोळ्या चालू आहेत, तरी मध्येच उठतंच. कमळ आता मोरीच्या दाराला कडी लावत नाही. ती आंघोळीला बसली की चांगदेव बाहेर उभा राहून भाताचं, पावण्यांचं, काहीबाही बोलत राहतो. आतून "हूं" आलं की पुढचं बोलतो.